सैन्य माघारी आणताना कोणाला मागे ठेवलं? श्रीलंकेतली शांतिसेना, १९८७-९०

रानवाट

परदेशातल्या युद्धातून सैन्य परत आणायचं की नाही, हा वाद आपण नेहमी दुसऱ्यांचा म्हणून वाचतो. व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. वॉशिंग्टनमध्ये कोण काय म्हणालं हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण हाच वाद आपल्या देशातही झाला आहे आणि त्या युद्धात अकराशेहून जास्त भारतीय जवान गेले, हे आज पंचविशीतल्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात, नसतात. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळबहुल उत्तर आणि पूर्व भागाला प्रांतिक स्वायत्तता मिळायची, बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या लष्कराने छावण्यांत परतायचं आणि देखरेखीला भारतीय सैन्य. जयवर्धनेंनाही ते हवंच होतं, कारण दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचं बंड पेटलेलं होतं आणि उत्तरेतलं आपलं सैन्य त्यांना तिकडे हलवायचं होतं. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. त्यांनी मान खाली घेतली म्हणून वाचले. सिंहली जनमत काय आहे ते तिथेच कळायला हवं होतं.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत चित्र पालटलं. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी आपण गेलो त्यांच्यातल्याच सर्वांत कडव्या संघटनेशी, एलटीटीईशी, आपलं उघड युद्ध सुरू झालं. ऑपरेशन पवन. जाफना शहर हाती आलं, पण युद्ध जंगलात गेलं आणि तिथे अडीच वर्षं अडकून पडलं. ऐन भरात असताना सत्तर हजारांहून अधिक भारतीय सैनिक त्या बेटावर होते.

१९८९ च्या जानेवारीत प्रेमदासा अध्यक्ष झाले. १ जूनला त्यांनी जाहीर सभेत सांगून टाकलं की २९ जुलैच्या आत भारतीय सैन्य गेलं पाहिजे. इथून आपल्याकडच्या वादाला धार आली. राजीव गांधींचं म्हणणं, करार दोन देशांचा आहे, तारीखही दोघांनी मिळून ठरवायची आणि तमिळांच्या सुरक्षेची हमी मिळाल्याशिवाय निघणार नाही. विरोधकांचं म्हणणं, ज्यांनी बोलावलं तेच जा म्हणतात, मग आपली मुलं कोणासाठी मरताहेत? सप्टेंबरात वर्षअखेरपर्यंत माघारीचं ठरलं, डिसेंबरात दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली.

माझं मत सरळ सांगते. परत येणं योग्यच होतं, उलट उशीर झाला. पण त्या वादात दोन्ही बाजू प्रतिष्ठा आणि तारीख एवढ्यावरच भांडत राहिल्या. आपल्यावर विश्वास ठेवून जी स्थानिक माणसं आपल्या बाजूने उभी राहिली होती, आपल्यासोबत निवडणुका लढली, आपल्यासाठी वाटा दाखवल्या, त्यांचं पुढे काय, हा प्रश्न कोणी पोटतिडकीने विचारल्याचं मला सापडत नाही. मला चर्चा त्यावर हवी आहे.

तिसरा_प्रहर

चांगला विषय. पण "उशीर झाला" याला माझा कडाडून विरोध आहे.

१९८९ पर्यंत एलटीटीई वन्नीच्या जंगलात कोंडली गेली होती. जाफना, बट्टिकलोआ, त्रिंकोमाली ही शहरं आपल्या ताब्यात होती. उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक १९८८ च्या नोव्हेंबरात झाली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. सैन्याने आपलं काम बऱ्यापैकी केलं होतं. अशा वेळी आपण उठून आलो आणि ज्या संघटनेचं कंबरडं मोडत आणलं होतं तिला सगळं रान मोकळं करून दिलं. पुढच्या वर्षी, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली, ते सांगायला नको. आणि तो संघर्ष २००९ पर्यंत चालला.

अर्धवट सोडलेलं युद्ध हरलेल्या युद्धापेक्षा वाईट. जे जवान गेले त्यांच्या घरच्यांना आपण काय उत्तर देणार आहोत?

माऊ_मांजर

वाचते आहे. माझ्या जन्माच्या आधीचं आहे हे सगळं, त्यामुळे जाणकारांनी जरूर लिहा.

पामीर

तिसरा_प्रहर, तुमचा शेवटचा प्रश्न प्रत्येक युद्धात विचारला जातो आणि प्रत्येक वेळी त्याचा परिणाम एकच होतो: आणखी जवान जातात. गेलेल्यांचं मोल राखायचं म्हणून आणखी पाठवायचे, मग त्यांचं मोल राखायचं म्हणून आणखी. यात थांबायची जागाच नाही. जे गेले त्यांचा हिशेब "आता पुढे राहून काय मिळणार" या प्रश्नात धरता येत नाही, कितीही कठोर वाटलं तरी.

आणि "थोडंच राहिलं होतं" हे कोणत्या सेनापतीने कधी म्हटलेलं नाही? सोव्हिएत लष्करही अफगाणिस्तानातली शहरं हातात ठेवून होतंच. शहरं हातात असणं म्हणजे युद्ध हातात असणं नव्हे.

जुना_बिगुल

मी तिथे होतो. फार लिहायची सवय नाही, पण धागा पाहून राहवलं नाही.

शहरं आपल्या ताब्यात होती, हे नकाशावर बरोबर आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. रोज सकाळी गाड्यांचा ताफा निघायच्या आधी सुरुंग शोधत रस्ता उघडायला पार्टी जायची. दोन्ही बाजूंनी पायी, मध्ये रस्ता रिकामा. प्रत्येक मोरीपाशी थांबायचं. एक जण पोटावर पडून मोरीत डोकावणार, माती नुकती उकरलेली दिसते का, ताडाच्या झावळ्या उगाच पडल्यात का, कुठे वायरचं टोक चमकतंय का. मोरी साफ आहे म्हणून हात वर केला की पुढची. दहा मैलांत अशा मोऱ्या किती, ते मोजायचं भान नसायचं. संध्याकाळी ताफा पोचला की तो रस्ता पुन्हा त्यांचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्या मोरीपासून सुरुवात. याला ताबा म्हणायचं तर म्हणा.

सुरुवातीला धड नकाशेही नव्हते. त्यांच्याकडे एके-४७, आमच्याकडे एकेक गोळी झाडणाऱ्या एसएलआर रायफली. जवळच्या मारामारीत, झाडीत, गल्लीत याचा फरक पडतो. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरलेली शीख लाइट इन्फंट्रीच्या पलटणीतली तीस जणांची तुकडी, त्यातले एकोणतीस गेले, एक पकडला गेला. आमच्यापर्यंत ही बातमी पोचली तेव्हा कितीतरी वेळ कोणी कोणाशी बोललं नाही. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला गेले, छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला पाडलं त्यांनी. मरणोत्तर परमवीर चक्र. ही नावं मुलांना माहीत असावीत एवढीच इच्छा आहे.

रानवाट ताई, तुम्ही विचारलंत ते मात्र बरोबर विचारलंत. त्यावर नंतर लिहितो.

घटना_वाचक

जुना_बिगुल, सलाम. तुम्ही नक्की लिहा.

तोवर एक वेगळा मुद्दा. माघारीवर एवढा वाद होतो कारण पाठवताना वाद झालेलाच नसतो. सह्या २९ जुलैला आणि ३० जुलैला सैन्य उतरलं सुद्धा. परदेशात सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी असं आपल्या राज्यघटनेत कुठेही म्हटलेलं नाही, हा अधिकार पूर्णपणे मंत्रिमंडळाचा. संसदेत चर्चा होते ती निर्णय झाल्यावर.

जर्मनीत असं चालत नाही. तिथल्या घटना न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल दिला की सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायचं तर संसदेची आधी संमती हवी, २००५ मध्ये त्याचा कायदाही झाला. संमती ठरावीक मुदतीसाठी असते, मुदत संपली की सरकारला पुन्हा सभागृहापुढे यावं लागतं. म्हणजे "अजून तिथे का आहोत" हा प्रश्न आपोआप विचारला जातो, त्यासाठी आंदोलन करावं लागत नाही. ब्रिटनमध्ये लेखी कायदा नाही, तरी २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियावरच्या हल्ल्याचा सरकारी प्रस्ताव त्यांच्या लोकसभेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी पाडला आणि सरकार मुकाट्याने थांबलं. अमेरिकेत व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये युद्धाधिकार कायदा झाला, निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून. तिथले अध्यक्ष त्यातून वाटा काढतात ही गोष्ट वेगळी, पण निदान कायदा आहे, त्यावर बोट ठेवून विचारता येतं.

आपल्याकडे तेही नाही. १९८७ मध्ये हा प्रश्न सभागृहात आधी आला असता तर कोणीतरी विचारलं असतं की एलटीटीईने करारावर सही केली आहे का? केलेली नव्हती. करार दोन सरकारांमधला, आणि लढणारा तिसराच, त्याची मनापासून संमती नाही. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

तिसरा_प्रहर

जर्मनीच्या सीमेवर आपल्यासारखे शेजारी नाहीत. १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये बंड झालं, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि काही तासांत आपले पॅराट्रूपर्स माले विमानतळावर होते. तेव्हा संसदेचं अधिवेशन बोलावत बसलो असतो तर?

घटना_वाचक

तातडीच्या कारवाईला नंतर मंजुरी घेण्याची सोय जर्मन कायद्यातही आहे. आणि मालदीवचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. काम काय ते स्पष्ट होतं, बंडखोरांना हुसकायचं आणि सरकार वाचवायचं. ते झालं, बहुतेक सैन्य लगेच परतलं. १९७१ चंही तसंच. डिसेंबरात ढाका पडलं, १२ मार्च १९७२ ला भारतीय सैन्याने निरोपाचं संचलन करून बांगलादेश सोडला. मुजीबुर रहमान यांनी इंदिरा गांधींकडे तो विषय काढला आणि त्यांनी ताणून धरलं नाही. यजमान म्हणतो जा, आपण निघालो, मान राहिला. श्रीलंकेत यजमानाने जा म्हटल्यावर आपण नऊ-दहा महिने घासाघीस करत राहिलो.

कावेरीकाठ

मी मद्रासला वाढले, तेव्हा ते चेन्नई झालेलं नव्हतं. आमच्या मागच्या कित्येक पिढ्या तंजावरकडच्या, घरात मराठी, बाहेर तमिळ. त्यामुळे हा विषय मला दोन्ही भाषांतून ऐकू यायचा आणि दोन्हीत वेगवेगळा.

मराठीत येणाऱ्या पत्रांतून, नातेवाइकांकडून ऐकायला मिळे: आपले जवान तिथे फुकट मरताहेत आणि तुमचे तमिळ लोक वाघांना, म्हणजे एलटीटीईला, पाठीशी घालतात. तमिळमध्ये गल्लीत ऐकायला मिळे: भारतीय सैन्याने आपल्याच माणसांना मारलं. जाफन्याच्या रुग्णालयात १९८७ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत, रुग्ण, डॉक्टर, परिचारिका असे साठ-सत्तर लोक मारले गेले. लष्कराचं म्हणणं आतून गोळीबार होत होता, वाचलेल्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं आम्ही हात वर करून उभे होतो. १९८९ च्या ऑगस्टमध्ये वल्वेट्टीतुरै गावात पुन्हा तसंच, सैनिकांवर हल्ला झाला आणि त्यानंतर गावातले साठच्या वर सामान्य लोक गेले. उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत यातलं फार थोडं छापून यायचं.

जुना_बिगुल यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच लिहिते आहे. मोरीत डोकावणारा जवान आणि रुग्णालयातली परिचारिका, दोघंही एकाच निर्णयाचे बळी आहेत, आणि तो निर्णय घेणारे दिल्लीत होते.

१९९० च्या मार्चमध्ये शेवटची जहाजं मद्रास बंदरात लागली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडून आलेल्या सैन्याचं स्वागत करणार नाही, असं त्यांनी उघड म्हटलं. देशभर संताप झाला. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की त्या जवानांचा त्यात काही दोष नव्हता, स्वागत व्हायला हवं होतं. पण तमिळनाडूत ती भूमिका कुठून आली, हेही समजून घ्या.

जुना_बिगुल

ताई, राग नाही. जे झालं ते झालं आणि ते झाकून काही साधत नाही. माझ्या तुकडीत तसं झालं नाही एवढं मी सांगू शकतो. भाषा येत नव्हती, समोरच्या लुंगीतल्या माणसाकडे भाजीची पिशवी आहे की ग्रेनेड हे ओळखता येत नव्हतं, आणि कालच एखादा सोबती गेलेला असायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. अशा जागी सैन्य वर्षानुवर्षं ठेवलं की काय होतं ते सांगतोय.

आता रानवाट ताईंचा प्रश्न. आमच्यासोबत ईपीआरएलएफ या एलटीटीईविरोधी तमिळ संघटनेची स्थानिक पोरं असायची. वाटा त्यांना माहीत, भाषा त्यांची. कोण गावातलं आणि कोण बाहेरचं हे ती चालण्यावरून ओळखायची. त्यातला एक जेमतेम मिसरूड फुटलेला. मोरीपाशी आमच्याही पुढे तो जायचा, कारण माती कुठे हलली ते त्याला लांबून दिसायचं. हिंदी शिकला होता, जेवायला आमच्यात बसायचा. १९८९ च्या शेवटी माघारीच्या बातम्या पक्क्या झाल्या तेव्हा त्याने विचारलं, "साब, आप जाएगा तो मैं किधर जाएगा?" मी साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारलं. वरून काही आलं नाही.

त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पूर्वेकडे आपलं एकेक ठाणं उठलं की पाठोपाठ तिथल्या या पोरांवर हल्ले व्हायचे, एवढं मात्र आमच्या कानावर रोज येत होतं.

माऊ_मांजर

हे वाचून पुढे काही लिहवत नाही. धन्यवाद, जुना_बिगुल काका.

रानवाट

काका, याच्याचसाठी धागा काढला होता. तुम्ही लिहिलंत, आभारी आहे.

बाकीच्यांसाठी थोडी जोड देते. माघार ठरल्यावर पेरुमल यांच्या प्रांतिक सरकारला आधार म्हणून तमिळ नॅशनल आर्मी नावाचं दल घाईघाईने उभं केलं गेलं, आपल्या पाठबळाने. त्यासाठी शाळकरी वयाची मुलं घराघरांतून, रस्त्यांवरून जबरदस्तीने उचलली गेली. किरकोळ शिक्षण देऊन हातात बंदुका दिल्या. १९८९ च्या शेवटी अंपारै आणि बट्टिकलोआतून आपलं सैन्य हटलं आणि एलटीटीईने या दलाचा काही दिवसांत फडशा पाडला. त्यातली कित्येक मुलं आपणहून आलेलीसुद्धा नव्हती! एलटीटीईच्या लेखी मात्र ती गद्दार.

दरम्यान प्रेमदासांनी भारताला हटवायचं म्हणून त्याच एलटीटीईशी बोलणी चालवली होती आणि गुपचूप शस्त्रंही पुरवली, हे पुढे उघड झालं. १ मार्च १९९० रोजी पेरुमल यांनी स्वतंत्र ईलमची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राची, एकतर्फी घोषणा केली आणि भारतात आश्रय घेतला. नेत्याला जागा मिळाली. १९ जूनला त्यांच्या पक्षाचे, ईपीआरएलएफचे, सरचिटणीस पद्मनाभ यांना एलटीटीईने खुद्द मद्रासमध्ये, डझनाहून अधिक लोकांसह ठार मारलं. म्हणजे इथे आलेलेही सुरक्षित नव्हते. त्याच जूनमध्ये प्रेमदासा आणि एलटीटीईचं फाटलं, पूर्वेत शरण आलेल्या शेकडो पोलिसांना एलटीटीईने ओळीने मारलं आणि युद्ध पुन्हा पेटलं. ऑक्टोबरात उत्तरेतल्या सगळ्या मुस्लिमांना घरंदारं सोडायला लावलं. १९९३ च्या मे दिनाला प्रेमदासाही आत्मघाती हल्ल्यात गेले.

तिसरा_प्रहर, तुम्ही म्हणाल बघा, राहिलो असतो तर हे टळलं असतं. पण कसं राहणार होतो? यजमान सरकार जा म्हणतंय, तेच सरकार शत्रूला शस्त्रं देतंय, दक्षिणेत जेव्हीपी भारतविरोधावरच पोसली जातेय. त्यापुढचा प्रत्येक दिवस म्हणजे परक्या देशावर कब्जा झाला असता.

तिसरा_प्रहर

कब्जा हा शब्द मला मान्य नाही. करारावर श्रीलंकेची सही होती आणि करार रद्द झालेला नव्हता. स्वायत्ततेची कलमं, श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती, आजही पूर्ण अमलात नाहीत. प्रांतांना पोलीस आणि जमिनीचे अधिकार आजतागायत मिळालेले नाहीत. आपण तिथे असताना दबाव होता, आपण हललो आणि तोही गेला. मग त्या तमिळ माणसांचं आपण काय भलं केलं?

जुना_बिगुल यांनी सांगितलेल्या मुलासाठी तर थांबायलाच हवं होतं, मी तर म्हणेन.

पामीर

नाही. त्या मुलासाठी त्याला जहाजात घ्यायला हवं होतं. सत्तर हजार सैन्य त्याच्यासाठी तिथे ठेवणं आणि त्याला वाऱ्यावर सोडणं, या दोहोंच्या मध्ये भरपूर जागा आहे. तुम्ही ती पाहायलाच तयार नाही आणि तेव्हाचं सरकारही तयार नव्हतं.

जगात हे वेगवेगळ्या तऱ्हांनी झालं आहे. १९६२ मध्ये फ्रान्स अल्जीरियातून निघाला तेव्हा फ्रेंच सैन्यात लढलेल्या स्थानिक अल्जीरियनांना, हरकींना, सोबत आणू नका असे वरून आदेश होते. काही फ्रेंच अधिकाऱ्यांनी आदेश मोडून जेवढे आणता आले तेवढे आणले. मागे राहिलेले हजारोंच्या संख्येने मारले गेले. फ्रान्स आजही त्याची माफी मागतो आहे.

उलट उदाहरण डेन्मार्कचं. २००७ मध्ये इराकमधून त्यांची लढाऊ तुकडी परतायची होती. त्याआधी त्यांनी आपल्या दुभाष्यांना कुटुंबांसह गाजावाजा न करता विमानाने देशात आणलं, सुमारे दोनशे माणसं. नंतर जाहीर केलं. छोटा देश, छोटी तुकडी, मान्य. पण आधी माणसं, मग माघार, हा क्रम त्यांना सुचला.

अमेरिकेला सुचला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहाला तालिबानशी करार केला, त्यात काबूलचं सरकार नव्हतंच. माघारीची तारीख ठरलेली होती, स्थानिक सहकाऱ्यांचे व्हिसाचे अर्ज मात्र वर्षानुवर्षं पडून. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं आणि मग विमानतळाच्या भिंतीबाहेर सांडपाण्याच्या नाल्यात उभी राहून माणसं हातातले कागद उंच धरत होती. ते कागद म्हणजे मी तुमच्यासाठी काम केलं याची पत्रं होती. त्याच ठिकाणी २६ तारखेला बॉम्ब फुटला.

सोव्हिएत माघारीबद्दलही एक सांगतो, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा सैनिक अमू दर्या नदी ओलांडून अफगाणिस्तानातून गेला आणि तिथलं नजीबुल्लांचं सरकार कोसळलं, असा समज आहे. कोसळलं नाही. ते तीन वर्षं टिकलं, एप्रिल १९९२ पर्यंत, कारण मॉस्कोहून पैसा, इंधन, शस्त्रं येत होती. ती मदत आटली आणि मग ते पडलं. म्हणजे सैन्य काढणं आणि साथ सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण १९९० मध्ये दोन्ही एकदम केल्या.

घटना_वाचक

पामीर, शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. यावरून २००३ आठवलं. इराकमध्ये सैन्य पाठवा अशी अमेरिकेची विनंती होती, जवळजवळ एक डिव्हिजन. दिल्लीत पाठवावं म्हणणारेही वजनदार लोक होते. वाजपेयी सरकारने जुलैत नकार दिला, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून. संसदेत एप्रिलमध्येच त्या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव झाला होता, म्हणजे त्या वेळी सभागृहाचं मत आधी कळलेलं होतं. त्याचा सरकारला आधारच झाला. संसदेला विचारल्याने हात बांधले जातात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मोठ्या मित्राला नाही म्हणायला कधी कधी तोच आधार लागतो.

माझं म्हणणं असं की पाठवतानाच्या ठरावात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: काम काय, पुन्हा विचारायची मुदत किती, आणि परतताना तिथल्या सहकाऱ्यांची जबाबदारी कोणत्या खात्याची. तिसरी गोष्ट याच धाग्यामुळे डोक्यात आली. जुना_बिगुल यांच्या साहेबांनी वर विचारलं तेव्हा "वर" नेमकं कोणाचं ते कामच नव्हतं.

जुना_बिगुल

बरोबर. कोणी नाही म्हटलं नाही. म्हणायचं कोणी, हेच ठरलेलं नव्हतं.

तिसरा_प्रहर

घटना_वाचक यांचा तिसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्या दोन्हींवर मतभेद कायम. मुदत लिहून दिली की शत्रू ती मुदत संपेपर्यंत झाडाखाली बसून राहतो. एलटीटीईने प्रेमदासांशी बोलणी केली ती हेच करण्यासाठी.

रानवाट

शत्रू मुदत नसली तरी बसून राहतो, कारण तो त्याच्या घरी असतो. हे त्याला आणि आपल्याला दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

कावेरीकाठ, एक विचारायचं होतं. तिथून जे सामान्य लोक तेव्हा जीव घेऊन तमिळनाडूत आले, ते आज कुठे आहेत?

कावेरीकाठ

बरेच अजून इथेच आहेत. पन्नास हजारांहून जास्त लोक राज्यातल्या सरकारी छावण्यांत राहतात, बाहेर राहणारे वेगळे. मंडपम हे रामेश्वरजवळचं नाव ऐकलं असेल, होड्यांतून येणाऱ्यांची पहिली नोंद तिथे व्हायची. अलीकडे राज्य सरकारने छावण्यांत नवी घरं बांधायला घेतली आहेत, मदतही वाढवली आहे, हे चांगलं झालं.

पण नागरिकत्व नाही. १ जुलै १९८७ नंतर इथे जन्मलेल्या मुलाला आई किंवा वडील भारतीय असल्याशिवाय जन्माने नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे करार ज्या महिन्यात झाला त्याच महिन्यापासून पुढे जन्मलेली मुलं. त्यांनी श्रीलंका पाहिलेली नाही, तमिळ शाळेत शिकली, इथेच लग्नं केली, आता त्यांना मुलं झाली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान हे तीन देश आहेत, श्रीलंका नाही.

माझ्या ओळखीची एक मुलगी अशाच छावणीत वाढली, अभियांत्रिकी शिकली. नोकरीच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना आला की तिचं काम अडतं, पासपोर्ट मागितला की संपलंच. तिचे वडील आपल्या सैन्याच्या ठाण्याला भाजीपाला पुरवायचे म्हणून १९९० मध्ये त्यांना गाव सोडावं लागलं.

घटना_वाचक, तुम्ही म्हणता ती जबाबदारी पुढच्या युद्धाच्या ठरावात लिहायची तेव्हा लिहूच. या मुलीच्या वडिलांची जबाबदारी तर आजही शिल्लक आहे, आणि त्यासाठी कायद्यात एका देशाचं नाव वाढवायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांना खासदारांपर्यंत पोचता येतं त्यांनी हे एवढं कळवाल का? निवेदनाचा मसुदा मी करते, कायद्याची भाषा तुम्ही तपासून द्या.

घटना_वाचक

द्या पाठवून. आज रात्रीच बघतो.

तिसरा_प्रहर

माझंही नाव घाला.